बाथरूममागची पाहुणी

माझा स्वभाव तापट आहे. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर आमचे हे सांगतील आणि तिखटमीठ लावून सांगतील. आमचे हे म्हणजे बापूराव. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे एकच गोष्ट पन्नास माणसांना पन्नासदा सांगायची त्यांना सवय आहे. मी आरोग्य खात्यात नर्स होते. एकतीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षं मी अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या उपकेंद्रांवर काढली. लोक मला सिस्टर म्हणायचे. हेही मला सिस्टर म्हणतात, पण फक्त मी चिडले की.

निवृत्तीनंतर आम्ही गडचिरोलीत घर बांधलं. मागच्या बाजूला मोगरा, कढीपत्ता, दोन पपया आणि भजी-वड्यांपुरती धोप्याची, म्हणजे अळूची पानं, एवढी माझी बाग. बाथरूमची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये दोन हात जागा उरली आहे. तिथे मी कधी काही लावलं नाही. गेल्या जुलैत त्या जागेत एक कोंब आपसूक वर आला आणि मी त्याच्यात पुरती गुंतले. गुंतायला कारण होतं. त्या वेळी घरात माझ्याशी मन मोकळं करून बोलणारं कोणी नव्हतं.

माझी सून दिव्या माडिया आहे आणि आम्ही बौद्ध. माझा रोशन आणि ती इथल्या अभ्यासिकेत परीक्षांची तयारी करता करता भेटले, दोघंही सरकारी नोकरीत लागले आणि लग्न झालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी फुशारकी मारायचे, की माडिया लोक मला काय नवे आहेत, बावीस वर्षं त्यांच्यात काढली मी.

मार्चमध्ये दिव्याला मुलगी झाली. खुशबू नाव ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण दिव्याच्या गावापासून दवाखाना लांब, म्हणून तिची आई बुधरी इकडे आली. सव्वा महिना राहायचं ठरलं होतं. डोक्यावर टोपली, पाठीला पोतं बांधलेलं, अशी ती बसमधून उतरली. मी जय भीम म्हटलं, ती जोहार म्हणाली. त्यापुढे आमचं संभाषण फारसं गेलं नाही. तिला मराठी येत नाही असं मी धरून चालले होते, आणि बावीस वर्षांत मी माडिया शिकले ते ‘कुठे दुखतं’ आणि ‘तोंड उघड’ इतकंच. बाळाला मात्र ती अशी अंघोळ घालायची की मी, स्वतः नर्स, खोट काढायला उभी राहायचे आणि खोट सापडायची नाही. त्याचाही मला थोडा राग यायचा.

नवव्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि नळातून नुसती हवा आली. आदल्या संध्याकाळी यांनी मोटर लावून टाकी काठोकाठ भरली होती. मी मागे धावले. अंगणातला नळ रात्रभर सोडलेला होता, आता नुसता टपकत होता, आणि त्याखाली बांबूची टोपली. टोपलीत शिजवलेल्या कंदाच्या पांढऱ्या चकत्या. बाजूला पोतं, त्यात न कापलेले कंद, अंगभर केसांसारखी मुळं असलेले. रात्रभर हजार लिटर पाणी त्या चकत्यांवरून गटारात गेलं होतं. घरात नऊ दिवसांचं बाळ आणि हात धुवायला थेंब नाही.

पाण्याचं एकवेळ मी गिळलं असतं. पण ते कंद मी ओळखले. बैचांदी. नोकरीच्या सुरुवातीला एका घरातली चार माणसं उलट्या करत, डोळे फिरवत माझ्या उपकेंद्रावर आली होती. कंद वाहत्या पाण्यात नीट धुतला नव्हता, त्यातलं विष उतरलं नव्हतं. चौघंही वाचली, पण त्यातल्या लहान पोरीचा हात हातात धरून मी जी बसले होते, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून बैचांदी म्हटलं की मला ती पोरगी दिसते.

‘‘हे काय करून राह्यल्या तुमी?’’ मी ओरडले. ‘‘लेकरू हाये घरात! बाळंतीण हाये! हे जहर हाये, जहर! माह्या घरात जहर शिजवता?’’

बुधरीने वाकून नळ बंद केला. दारात दिव्या बाळाला घेऊन उभी होती. ‘‘आई, ऐका तं,’’ एवढंच ती म्हणाली. मी ऐकलं नाही. यांना म्हटलं, ‘‘सगळं फेका. एक तुकडा दिसला नाई पायजे मले.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधरी अहेरीच्या बसने निघून गेली. सव्वा महिन्यासाठी आलेली बाई दहाव्या दिवशी गेली. हे तिला स्टँडवर सोडायला गेले, ओळखीच्या कंडक्टरला सांगून खिडकीजवळची सीट दिली आणि परत येऊन माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

दिव्या भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी भांडण देऊ शकते. पण ती ऑफिसात साहेबाशी बोलतात तसं माझ्याशी बोलायला लागली. हो आई, ठीक आहे आई, ठेवते आई. ही पोरगी आधी स्वयंपाकघरात माझ्या नकला करून मलाच हसवायची. ते हसणं बंद झालं. ‘‘आईले ये म्हण ना इकडे,’’ असं मी दोनदा म्हटलं. ‘‘सांगते,’’ ती म्हणाली. बुधरी आली नाही. मला माझी विहीण परत हवी होती, माझी सून परत हवी होती. आता माफी मागायची, तर आधी आपलं चुकलं असं वाटायला हवं. मला तसं वाटत नव्हतं. विष ते विष, हे माझं ठाम मत.

अशात जुलै आला आणि तो कोंब.

आधी मला वाटलं वालाचा दाणा पडला असेल. तीन-तीन पानं फुटली. मग देठाला बारीक काटे दिसले, तेव्हा वाल बाद झाला. शेजारची सरिता कपडे वाळत घालता घालता भिंतीवरून डोकावली आणि तिनं हातच जोडले.

‘‘ललिताबाई, बेल हाये हा! तीन पानं, काटे. आपोआप आला पाहा तुमच्या घरी!’’

‘‘सरिता, बेलाचं झाड असते. हे तं वेल होऊन राह्यली.’’

‘‘लहान हाये ना अजून. मोठा झाला की सरळ होते.’’

तो काही सरळ झाला नाही. बाथरूमच्या पाइपाला विळखे घालत वर निघाला. पानं तळहाताएवढी झाली, मग त्याहून मोठी. ‘‘एवढी मोठी बेलाची पानं?’’ मी विचारलं. सरिता म्हणाली, बाथरूमचं पाणी मिळते म्हणून. श्रावणातल्या सोमवारी सकाळी पाहते तर खालची पाच पानं गायब. मी भिंतीवरून तिला चांगली झापली. आमच्या घरात पूजा होत नाही याचं मला काही नव्हतं, पण माझ्या झाडाला माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा म्हणजे काय?

मी ‘माझं झाड’ म्हणाले तेव्हा हे पेपरामागे हसले. खरंच आहे, तोवर ते माझं झालं होतं. मी त्याला पाहुणी म्हणायला लागले होते. न बोलावता आली, मागच्या दाराने आली आणि हातपाय पसरून राहिली, म्हणून पाहुणी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून मी तिला पाइपाशी बांधलं. रोशनने फोनमध्ये झाडं ओळखणारं ॲप टाकून दिलं. पहिल्या फोटोला त्याने एक नाव सांगितलं, दुसऱ्याला भलतंच, तिसऱ्या वेळी म्हणालं फोटो स्पष्ट नाही. ‘‘सिस्टर, तुमचा हात हलून राह्यला,’’ हे म्हणाले. मग एक पान पिशवीत घालून मी कृषी केंद्रात गेले. तिथला माणूस पान हातात न घेताच म्हणाला, ‘‘काकू, तण हाये. औषध देऊ का मारायचं?’’ मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने बाटली परत फळीवर ठेवली.

कोणालाच ओळखू येत नव्हती, आणि त्यामुळे ती मला जास्तच आवडायला लागली. दुपारी घरात सामसूम झाली की खुशबूला कडेवर घेऊन मी बाथरूममागे जायचे. पान तिच्या गालाला लावायची लहर यायची, पण नर्सचं डोकं, अनोळखी पान मी तिच्या जवळ नेलं नाही. पाहुणीला मात्र सगळं सांगायचे. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, असं बाळाला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून वेलीला सांगायचे. यांचं वागणं तेवढं मला विचित्र वाटायचं. मी पाहुणीचा विषय काढला की हे उठून बाहेर जायचे. एकदा मी म्हटलं, उपटून कुंडीत लावू का, मुळं तरी दिसतील. तर घाईघाईने म्हणाले, ‘‘राहू द्या ना. काय बिघडवून राह्यली ते तुमचं?’’

ऑगस्टच्या एका रविवारी मी अशीच उभी होते. दिव्या बाळाची दुपटी घेऊन मागे आली आणि थांबली.

‘‘काय हाये हे, आई?’’

पाच महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी जपून उत्तर दिलं, जोरात बोलले तर ती परत जाईल अशी भीती वाटली.

‘‘कोनालेच माहीत नाई. तुले तं माहीत असन?’’

‘‘मी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली, आई. हॉस्टेलात वाढली. जंगलातलं मले अर्धंमुर्धंच येते.’’ तिनं पान उलटं करून पाहिलं, देठावर बोट फिरवलं. ‘‘आईले फोटो पाठवते. तिले माहीत असन.’’

आता आईला फोटो पाठवणं म्हणजे काय ते सांगते. बुधरीकडे फोन नाही. दिव्याचा भाऊ कोलू, त्याच्याकडे आहे, पण गावात नेटवर्क फक्त एका टेकडीवर, आणि तेही बोलण्यापुरतं. फोटो यायचा तर कोलूने अहेरीच्या बाजाराला जायला हवं. म्हणजे बाजाराच्या दिवशी तो अहेरीत फोटो घेणार, घरी नेऊन आईला दाखवणार, मग टेकडीवर चढून फोन करणार. मी कॅलेंडरवर बाजाराच्या वारावर खूण केली. हे म्हणाले, बोर्डाच्या निकालाचीसुद्धा तुम्ही एवढी वाट पाहिली नाही.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे चहा घेत होतो. दिव्याने स्पीकर लावला.

‘‘ताई,’’ कोलू म्हणाला, ‘‘आई लय हासली. बैचांदी हाये म्हणते. विचारते, कोनी लावली घरात?’’

मी कप खाली ठेवला. रोशन माझ्याकडे पाहत होता, दिव्या तिच्या सासऱ्याकडे. मग मीही तिकडे पाहिलं. तीस वर्षं बिनातिकिटाची माणसं पकडलेला माणूस आता स्वतः पकडला गेला होता.

‘‘घंटागाडी निघून गेली होती त्या दिवशी,’’ हे म्हणाले. ‘‘कापलेलं मी दुसऱ्या दिवशी टाकलं. पोतं जड होतं. बाथरूमच्या मागं उपडं केलं, वरून माती ओढली. मले वाटलं, सडून जाईन.’’

‘‘म्हणजे महिना-दीड महिना मी जहराले पानी घालून राह्यली?’’ माझा पारा चढला. ‘‘चिंध्या बांधल्या त्याले! लेकराले घेऊन उभी राहो तिथी!’’

‘‘जहर नाई ते, आई,’’ दिव्या म्हणाली.

तिनं फोन बंद केला. आवाज चढवला नाही. पण साहेबाशी बोलायचा तो सूरही नव्हता.

‘‘तुमी बावीस वर्षं आमच्याकडे नोकरी केली हे मी आईले लग्नाआधीच सांगतलं. तिनं विचारलं, मंग त्याहीनं कोना-कोनाकडे काय खाल्लं? मी तुमाले विचारलं होतं, आठवते? तुमी म्हनल्या, मी कधीच नाई, मी डबाच नेत होती. मी तसंच आईले सांगतलं. ते म्हणे, बावीस वर्षं अन् एकबी जेवन नाई?’’ तिनं कप बाजूला सारला. ‘‘म्हणून तिनं ते कंद पाठीवर आनले. तीन दिवसांचं काम असते ते. घरी नाला असते, वाहत्या पाण्यात टोपली ठेवता येते. इथी नाला नाई, म्हणून नळ. ते माह्यासाठी नव्हतं, आई. बाळंतिणीले कोनी देतच नाई. तुमच्यासाठी होतं.’’

मला फार लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. डबा मी खरंच नेत होते, आणि ते अभिमानाने सांगतही होते, कोणाच्या घरात ओझं व्हायला नको म्हणून. बावीस वर्षांत त्या लोकांचं अन्न बाधल्याच्या चार-दोन केसेस मी पाहिल्या. ज्या दिवशी बाधलं नाही ते हजारो दिवस मी पाहिलेच नाहीत, कारण त्या दिवशी ते माझ्याकडे कशाला येतील? आजारी पडले तेव्हाच मला भेटले. आणि मी म्हणत होते, माडिया मला नवे नाहीत.

‘‘मी जाते तिकडे,’’ मी म्हणाले. ‘‘उद्याच जाते.’’

‘‘उद्या कुठी जाता, नाले भरले आहेत सगळे,’’ दिव्या म्हणाली. ‘‘वेल वाळली की कंद खोदतात. तवा जाऊ.’’

तर मी वेल वाळायची वाट पाहिली. सरिताला खरं सांगणं भागच होतं. तिनं आधी कानाला हात लावले, मग क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘जाऊ द्या, महादेवाले जहर पचते.’’ त्यानंतर तिनं आमच्या भिंतीवरून काही तोडलं नाही. पाहुणी ऑक्टोबरपर्यंत टाकीवर पोचली, नोव्हेंबरात पिवळी पडली, डिसेंबरात तिच्या नुसत्या काटेरी दोऱ्या उरल्या. यांनी कुदळ घेतली. उपडं करताना जड झालेलं पोतं आता दीडपट भरलं. यांनी ते मुकाट्याने खांद्यावर घेतलं.

शुक्रवारी निघालो. रोशनला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दिव्या, खुशबू, हे आणि मी. सोमवारी दिव्याचं ऑफिस, त्यामुळे रविवारी दुपारची बस पकडून परतायचं ठरलं होतं. अहेरीहून दुसरी गाडी, पुढे कोलू ट्रॅक्टर घेऊन आला होता. वाटेत मी दिव्याकडून माडियात एक वाक्य पाठ करून घेतलं. ‘माझं चुकलं, मला माफ करा’ असं काहीसं. दोन नाले ओलांडेपर्यंत मी ते पुटपुटत होते.

बुधरी अंगणात उभी होती. मला पाहून ती पुढे आली नाही, आत गेली नाही. खुशबूला पाहून तिचा चेहरा उजळला, पण ती जागची हलली नाही. मी यांच्या खांद्यावरचं पोतं काढून घेतलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य साफ विसरले. मग माझ्याच बोलीत बोलले.

‘‘इहीनबाई, हे तुमचं हाये. माहं चुकलं. मी लय वाईट बोलली तुमाले.’’

दिव्या समजावून सांगायला पुढे झाली. बुधरीने तिला हातानेच थांबवलं.

‘‘कळते,’’ ती मराठीत म्हणाली. ‘‘तवाबी कळलं होतं. आताबी कळते.’’

मी तिथेच रडले. चारचौघांत रडायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमलंही नाही. बुधरीने मला रडू दिलं. मग तिनं पोत्यात हात घातला, एक कंद काढून हातावर तोलला आणि कोलूला काहीतरी म्हणाली. सगळे हसले. ‘‘म्हणते, बाथरूमचं पानी याले मानवलं,’’ कोलूने सांगितलं. त्यानंतर तिनं दिव्याच्या हातातून खुशबूला घेतलं.

शनिवारी दिवस उजाडल्यापासून कामाला लागलो. मी म्हणाले, मीही करणार. बुधरी कंद सोलून विळ्याने कापत होती, मी तिच्या बाजूला बसून कापत होते. दहा मिनिटांत माझे हात कोपरापर्यंत खाजायला लागले. मी दात आवळून कापत राहिले. तिनं पाहिलं, खुदकन हसली आणि उठून टोळीचं तेल आणलं, म्हणजे मोहाच्या बियांचं. माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन तिनं चोळले. नोकरीभर मी लोकांच्या अंगाला औषधं लावली, मला असं कोणी लावून दिलेलं आठवत नाही. चकत्या राख घालून उकळल्या, टोपलीत भरल्या आणि आम्ही दोघी ती टोपली घेऊन नाल्यावर गेलो. पाणी गुडघ्यापर्यंत आणि बर्फासारखं गार. टोपली दोन दगडांमध्ये बसवून तिनं वर पानं दाबली. रात्रभर पाणी त्यावरून वाहणार आणि कोणाची टाकी रिकामी होणार नाही. हे मी बोलून दाखवलं. तिला कळलं, कारण तिनं मला कोपर मारलं.

रविवारी सकाळी हे पिशव्या खांद्याला लावून तयारच होते. बसची वेळ म्हणजे यांच्यासाठी जन्माची वेळ. ‘‘जेवलो की निघू लगेच,’’ हे म्हणाले. आम्ही सगळेच नाल्यावर गेलो. बुधरीने टोपली बाहेर काढली, एक चकती घेतली, बोटाने मोडून पाहिली आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

मी दिव्याकडे पाहिलं.

‘‘आमच्या घरी जिनं शिजवलं ते चाखत नाई,’’ दिव्या म्हणाली. ‘‘तिले घाई असते ना. दुसरी मोठी बाई चाखते, जिभेच्या शेंड्यावर. ते हो म्हणन तवाच टोपली घरी जाते. ते नाई म्हणली तं लेकरं उपाशी असली तरी टोपली पाण्यात.’’

म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या पोटात काय जायचं, ते मी सांगायचं होतं. मी, जिनं हेच अन्न विष म्हणून फेकलं होतं. बुधरीचा हात पुढे होता, कोलू पाहत होता, त्याची बायको आणि दोन पोरं पाहत होती. उपकेंद्रावरची ती लहान पोरगी मला पुन्हा दिसली, खोटं कशाला सांगू? पण मी तुकडा घेतला आणि जिभेला लावला.

आधी काहीच चव नव्हती. मग जिभेच्या टोकाला बारीक खाज आली. फार नाही, पण आली.

इतक्या लांबून माफी मागायला आले, आता पुन्हा हिच्या अन्नाला नाही म्हणू? हो म्हणून टाकावं असं मनात आलं. बसही होती. पण मला चाखायला दिलं होतं ते खरं सांगण्यासाठी.

‘‘खाजते,’’ मी म्हणाले. ‘‘अजून खाजते, इहीनबाई.’’

बुधरीने उरलेला तुकडा माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या जिभेला लावला, थुंकला आणि मान डोलावली. टोपली उचलून पुन्हा त्याच दोन दगडांमध्ये ठेवली. पोरांना ती माडियात काही म्हणाली, पोरं कुरकुरली, तिनं पुन्हा तेच म्हटलं.

दिव्या हसत होती. दोन्ही हात तोंडावर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

‘‘काय म्हणाली व?’’

‘‘म्हणली, इहीनबाईनं सांगतलं अजून एक दिवस, तं एक दिवस. कोनी टोपलीले हात लावायचा नाई.’’

बुधरी पाण्यातून बाहेर आली आणि ओल्या हाताने माझा हात धरून घराकडे चालायला लागली. मागून यांचा आवाज आला.

‘‘ललिता, अवं बस सुटते ना!’’

‘‘सुटू द्या,’’ मी म्हणाले. ‘‘पिशव्या खाली ठेवा.’’